कॅसिनोने पाठवलेले क्रिप्टो भलत्याच वॉलेटमध्ये गेले, तर तक्रार कोणत्या क्रमाने करावी

ऑनलाइन कॅसिनोतून काढलेली रक्कम क्रिप्टोच्या रूपात भलत्याच वॉलेटमध्ये गेली, की बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत लाइव्ह चॅट उघडतात, ‘माझे पैसे आले नाहीत’ एवढेच लिहितात आणि पुढचे दोन-तीन दिवस वेगवेगळ्या प्रतिनिधींना तीच हकिगत वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहतात. तक्रार हातची जाते ती तिथेच. हा सगळा वाद एका साध्या तुलनेवर उभा असतो : तुम्ही दिलेला ॲड्रेस, म्हणजे वॉलेटचा अक्षर-अंकांचा पत्ता, कोणता होता, आणि रक्कम प्रत्यक्षात कोणत्या ॲड्रेसवर, कोणत्या नेटवर्कवरून (इथेरियम, ट्रॉन यांसारख्या ब्लॉकचेनवरून) गेली. ही तुलना पुराव्यासह हाती येण्यापूर्वी ‘बहुतेक माझ्याकडूनच चुकले असेल’ असे एखादे वाक्य चॅटवर लिहून गेले, तर पुढच्या प्रत्येक उत्तरात कॅसिनो तेच वाक्य तुमच्यासमोर ठेवतो.

भारतात राहणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदीच्या कक्षेत आणले आहेत. त्यामुळे अशा कॅसिनोविरुद्ध दाद देणारी नियामक संस्था भारतात नाही. जी काही वाट आहे ती परवाना देणाऱ्या देशातून जाते. भारतात कोणत्या प्रसंगी पोलिसांकडे जावे, ते टप्पा ७ मध्ये दिले आहे. ज्यांची रक्कम आधीच अडकली आहे, त्यांच्यासाठी पुढचे टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये.

## टप्पा १ : रक्कम खरोखर निघाली आहे का, ते पाहा

कॅसिनोच्या खात्यातील विथड्रॉवलच्या, म्हणजे रक्कम काढण्याच्या विनंत्यांच्या, यादीत तुमच्या विनंतीपुढे कोणती स्थिती दिसते, ते सर्वांत आधी पाहावे. ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ दिसत असेल, तर रक्कम अजून कॅसिनोच्याच ताब्यात आहे; अशा वेळी तक्रारीचा मसुदा करत न बसता विनंती ताबडतोब रद्द करावी. रद्द करण्याचे बटण नसेल, तर चॅटवर विनंती क्रमांक देऊन ‘ॲड्रेस चुकीचा आहे, ही विनंती रद्द करावी’ एवढेच लिहावे.

सावध : रद्द केलेली रक्कम पुन्हा खेळाच्या शिलकीत येते, आणि योग्य ॲड्रेस भरण्याआधीच ती खेळून संपल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. रद्द केल्यानंतरचे पहिले काम म्हणजे नवी विनंती भरणे. खेळण्याची ओढ आवरत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते आणि तसे बोलण्यात कमीपणा नाही.

स्थिती ‘कम्प्लीटेड’ झाली, तरी बिटकॉइनचा व्यवहार ब्लॉकमध्ये (ब्लॉकचेन या जाहीर नोंदवहीच्या पानात) बसेपर्यंत, म्हणजे सरासरी दहा मिनिटे आणि गर्दीच्या वेळी त्याहून बराच अधिक वेळ, तो अपुष्ट असतो. तेवढ्या अवधीत पाठवणारा, म्हणजे कॅसिनो, अधिक फी लावून तो व्यवहार बदलू शकतो. घेणारा बदलू शकत नाही. कॅसिनो क्वचितच तसे करतात, तरी विचारून ठेवावे. पुष्टी झाल्यावर मात्र तो व्यवहार कोणालाही मागे घेता येत नाही आणि त्यानंतरचा सगळा झगडा ‘रक्कम पुन्हा पाठवा’ यासाठी असतो.

आता या टप्प्यावरची सर्वांत महत्त्वाची तपासणी. ‘तुम्ही चुकीचा वॉलेट ॲड्रेस भरला, त्यामुळे रक्कम गोठवली आहे, दुरुस्तीसाठी आधी काही रक्कम भरा’ असा निरोप आला असेल, तर रक्कम कुठेही गेलेली नाही आणि मुळात ती कधी अस्तित्वातही नव्हती. गेल्या वर्षी एका परिचिताने मला असाच एक स्क्रीन दाखवला. ॲड्रेसच्या ‘फॉरमॅटमध्ये दोष’ असल्याचे त्यावर लाल अक्षरांत लिहिले होते आणि अडकलेल्या रकमेच्या दहा टक्के ‘दुरुस्ती ठेव’ मागितली होती. आम्ही ट्रान्झॅक्शन आयडी (ब्लॉकचेनवरील व्यवहाराचा नोंद क्रमांक) मागितला, तेव्हा ‘तो अंतर्गत असतो’ असे उत्तर आले. ब्लॉकचेनवरून पाठवलेल्या रकमेचा ट्रान्झॅक्शन आयडी अंतर्गत नसतो. तो सगळ्या जगाला दिसतो. त्याच दिवशी परिचिताने पुढचे पैसे भरणे थांबवले, मात्र आधी भरलेले परत मिळाले नाहीत.

खात्री करा : ट्रान्झॅक्शन आयडी मिळाला आहे का? नसेल, आणि वर पैसे मागितले जात असतील, तर पुढचे टप्पे सोडून थेट टप्पा ७ वर जावे.

## टप्पा २ : चॅट सुरू करण्यापूर्वी पुरावा जमवा

वाद सुरू झाल्यावर कॅसिनो खाते तात्पुरते बंद करू शकतो, आणि मग आतली एकही नोंद तुम्हाला पाहता येत नाही. म्हणून तक्रारीचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी पुढील गोष्टी जमवून फोनशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवाव्यात.

१. विथड्रॉवलच्या विनंतीचे पूर्ण पान : विनंती क्रमांक, रक्कम, नाणे, नेटवर्क, वेळ आणि ॲड्रेस. अनेक ठिकाणी ॲड्रेसची पहिली आणि शेवटची काही अक्षरेच दाखवून मध्ये टिंबे दिलेली असतात. त्यावर क्लिक करून पूर्ण ॲड्रेस उघडावा आणि मजकूर म्हणूनही कॉपी करून ठेवावा.

२. विनंतीच्या पुष्टीचा मूळ ई-मेल. तो फॉरवर्ड करून मूळ पुसून टाकू नये, कारण मूळ ई-मेलमधील तांत्रिक नोंदी फॉरवर्ड केलेल्या प्रतीत उरत नाहीत.

३. स्क्रीन रेकॉर्डिंग. ब्राउझरमधील संकेतस्थळाचे नाव दिसेल अशा ठिकाणापासून सुरुवात करून, विथड्रॉवलची यादी, त्यातील तुमची विनंती आणि पूर्ण उघडलेला ॲड्रेस असा प्रवास न थांबता टिपावा.

४. अटी-शर्तींचे पान पीडीएफ करून, त्या दिवसाच्या तारखेसह. अटी बदलता येतात. तुमच्यावर लागू आहेत त्या विनंतीच्या दिवशीच्या.

५. खात्यातील लॉगिनची यादी आणि जतन केलेल्या ॲड्रेसची यादी, उपलब्ध असल्यास.

६. तुमच्या स्वतःच्या वॉलेटमधील किंवा एक्स्चेंजमधील (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावरील) ‘रिसीव्ह’ किंवा ‘डिपॉझिट’चे पान, ज्यावर तुमचा खरा ॲड्रेस आणि नेटवर्क दिसते.

वेळेच्या नोंदीत फार गोंधळ होतो. कॅसिनोच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. तुम्ही १४ तारखेला रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी विनंती केली असेल, तर तिथे १३ तारीख आणि रात्रीचे आठ वाजून चाळीस मिनिटे दिसतील. ‘चौदा तारखेला तुमची कोणतीच विनंती आढळत नाही’ हे उत्तर अशाच फरकामुळे येते. कागदावर दोन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहाव्यात आणि तक्रारीत जागतिक वेळच द्यावी.

सावध : स्क्रीनशॉटवर बाण किंवा वर्तुळ काढायचे असेल, तर ते प्रतीवर काढावे, मूळ फाइलला हात लावू नये. व्हायरसचा संशय आला, तरी फोन किंवा संगणक या टप्प्यावर फॉरमॅट करू नये. इंटरनेट बंद करून बाजूला ठेवावा आणि पुढचे काम दुसऱ्या यंत्रावरून करावे.

## टप्पा ३ : ब्लॉकचेनवरची नोंद नीट वाचा

ट्रान्झॅक्शन आयडी ज्या नेटवर्कचा आहे, त्याच नेटवर्कच्या एक्सप्लोररवर, म्हणजे व्यवहार दाखवणाऱ्या जाहीर संकेतस्थळावर, तो शोधावा : इथेरियमसाठी इथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन, बीएनबी स्मार्ट चेनसाठी बीएससीस्कॅन, बिटकॉइनसाठी मेमपूल किंवा ब्लॉकचेअर. एका एक्सप्लोररवर आयडी सापडला नाही, म्हणून तो खोटा आहे असे लगेच ठरवू नये. हाच आयडी इतर नेटवर्कांवर शोधून पाहावा, कारण कॅसिनोने वेगळेच नेटवर्क वापरले असण्याची शक्यता असते.

नोंद उघडल्यावर लोक दोन ठिकाणी हमखास फसतात, आणि त्या चुकीच्या वाचनावर उभी केलेली तक्रार पहिल्याच उत्तरात कोसळते.

पहिले ठिकाण यूएसडीटीसारख्या (डॉलरच्या किमतीला बांधलेल्या) टोकनचे, म्हणजे दुसऱ्याच्या नेटवर्कवर चालणाऱ्या नाण्याचे. इथेरियम, बीएनबी चेन आणि ट्रॉन यांवर टोकन पाठवले, की नोंदीत वरच्या भागात ‘टू’ म्हणून जो ॲड्रेस दिसतो तो बहुधा त्या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, असतो. तो अनोळखी ॲड्रेस पाहून माणूस घाबरतो आणि ‘रक्कम तिसऱ्याच वॉलेटमध्ये गेली’ असे लिहून मोकळा होतो. खरा घेणारा खाली, टोकन ट्रान्स्फरच्या ओळीत असतो. तुलना त्या ओळीतल्या ॲड्रेसशी करावी.

दुसरे ठिकाण बिटकॉइनचे. कॅसिनो बऱ्याचदा अनेक खेळाडूंच्या रकमा एकाच व्यवहारात पाठवतो, त्यामुळे घेणाऱ्यांच्या बाजूला डझनावारी ॲड्रेस दिसतात. त्यात एखादी मोठी रक्कम अनोळखी ॲड्रेसवर गेलेली दिसली, तर ती सहसा सुट्या पैशांसारखी कॅसिनोकडेच परत गेलेली उरलेली रक्कम असते. तुमची रक्कम त्या यादीत ओळीओळीने शोधावी. ती तुमच्याच ॲड्रेसपुढे सापडण्याचीही बरीच शक्यता आहे, आणि मग प्रश्न तुमच्या वॉलेटच्या किंवा एक्स्चेंजच्या नोंदीचा ठरतो.

दोन ॲड्रेसची तुलना करताना दोन्ही एकाखाली एक ठेवून, चार-चार अक्षरांचे गट पाडून, शेवटपर्यंत जुळवावेत. पहिली आणि शेवटची चार अक्षरे पाहून थांबण्याची सवयच चोरांना उपयोगी पडते : ते तुमच्या ॲड्रेससारखी सुरुवात आणि शेवट असलेला ॲड्रेस मुद्दाम तयार करतात, त्यावरून तुमच्या वॉलेटला शून्य किंवा नगण्य रकमेचा व्यवहार पाठवतात आणि पुढच्या वेळी तुम्ही जुन्या यादीतून तोच उचलाल याची वाट पाहतात.

खात्री करा : आता तुमच्याकडे लेखी स्वरूपात पाच गोष्टी असायला हव्यात : दिलेला ॲड्रेस, दिलेले नेटवर्क, गेलेला ॲड्रेस, गेलेले नेटवर्क आणि व्यवहाराची स्थिती. यांतली एकही अंदाजाने लिहू नये.

## टप्पा ४ : चूक कोणत्या बाजूची, हे प्रामाणिकपणे ठरवा

सर्वाधिक वेळ द्यायचा तो या टप्प्याला. इथे स्वतःशी खोटे बोलले, तर नंतरचे महिने वाया जातात.

### ॲड्रेस तुमचाच आहे, पण नेटवर्क वेगळे

सुटण्याची सर्वाधिक शक्यता असलेला प्रकार हाच. इथेरियम, बीएनबी चेन आणि पॉलिगॉन या तिन्हींवर ‘झीरो-एक्स’ने सुरू होणारा एकच ॲड्रेस चालतो. वॉलेटची सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) तुमच्या स्वतःकडे असेल, तर रक्कम हरवलेली नाही. वॉलेटमध्ये ते दुसरे नेटवर्क जोडले आणि त्या नेटवर्कवरील टोकन यादीत घेतले, की ती दिसू लागते. ती हलवण्यासाठी त्याच नेटवर्कचे थोडे मूळ नाणे फी म्हणून लागते. ‘पैसे गेले’ म्हणून येणाऱ्यांपैकी काहींचे काम इथेच, कोणाशीही न भांडता, संपते.

ॲड्रेस एक्स्चेंजमधला असेल, तर वॉलेटची खासगी चावी एक्स्चेंजकडे असते, म्हणून विनंतीही तिथेच करावी लागते. एक्सआरपी पाठवताना टॅग, तर स्टेलर किंवा टॉन पाठवताना मेमो (खातेदार ओळखण्यासाठी ॲड्रेससोबत द्यायची खूण) राहून गेला, तरी हाच मार्ग. एक्स्चेंजच्या मदत विभागात ‘जमा न झालेली ठेव’ अशा अर्थाचा वेगळा अर्ज असतो. त्यात ट्रान्झॅक्शन आयडी, रक्कम आणि पाठवणाऱ्याचा पुरावा लागतो, आणि काही एक्स्चेंज त्यासाठी फी आकारतात. ती फी एक्स्चेंजच्या अधिकृत ॲपमध्ये, तुमच्या खात्यातूनच वळती होते. टेलिग्रामवर कोणी मागितली तर ती फी नव्हे.

### कॅसिनोने तुम्ही दिलेल्या ॲड्रेसवरच पाठवले, पण तो ॲड्रेस तुमचा नाही

बिटकॉइनच्या ॲड्रेसमध्ये पडताळणीची अक्षरे गुंफलेली असतात, त्यामुळे एखादे अक्षर चुकले तर तो ॲड्रेस सहसा स्वीकारलाच जात नाही. म्हणजे ‘टाइप करताना एक अक्षर चुकले’ हे कारण क्वचितच खरे असते. इथेरियमच्या बाबतीत मात्र सगळी इंग्रजी अक्षरे लहान (लोअरकेस) भरली तर ही पडताळणी होत नाही आणि चूक खपून जाते. प्रत्यक्षात कारणे बहुधा पुढीलपैकी असतात.

जुना जतन केलेला ॲड्रेस, ज्याचे एक्स्चेंज खाते कधीच बंद झाले आहे.

क्लिपबोर्ड बदलणारा, म्हणजे कॉपी केलेल्या ॲड्रेसऐवजी दुसराच पेस्ट करणारा, व्हायरस. तपासण्याची रीत सोपी आहे : आपला ॲड्रेस कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये तीन-चार वेळा पेस्ट करावा आणि प्रत्येक वेळी पूर्ण जुळवावा.

आणि तिसरे कारण, जे फार कमी लोकांच्या लक्षात येते : पूर्वी एक्स्चेंजमधून कॅसिनोत ठेव भरताना एक्सप्लोररवर जो ‘फ्रॉम’ ॲड्रेस दिसला होता, तोच आपला समजून भरणे. तो ॲड्रेस एक्स्चेंजच्या सामायिक वॉलेटचा असतो, तुमच्या खात्याशी जोडलेला नसतो. काही कॅसिनोंच्या अटींत ‘ठेव जिथून आली तिथेच रक्कम परत पाठवू’ असे कलम असते आणि तिथेही नेमके हेच घडते. एक्स्चेंजकडे लगेच लेखी अर्ज करावा. रक्कम त्यांच्याच ताब्यात असते, म्हणून आशा असते.

या गटात कॅसिनोकडे कायदेशीर दावा जवळजवळ उरत नाही, कारण योग्य ॲड्रेस देण्याची जबाबदारी खेळाडूची असल्याचे कलम बहुतेक सर्व अटी-शर्तींत असते. अपवाद एकच : सामायिक वॉलेटवर परत पाठवण्याचा निर्णय कॅसिनोने स्वतःच, तुम्ही वेगळा ॲड्रेस दिलेला असताना घेतला असेल तर.

### कॅसिनोने वेगळ्याच ॲड्रेसवर पाठवले

तुमची तक्रार खऱ्या अर्थाने भक्कम होते ती इथे. तुम्ही दिलेला ॲड्रेस एक आणि व्यवहारातला दुसरा असेल, तर कॅसिनोने तुम्हाला पैसे दिलेलेच नाहीत. भलत्याला दिले आहेत, आणि तुमची शिलक अजून देणे आहे. मात्र लिहिण्यापूर्वी एक शंका फेडावी : विनंतीनंतर कोणी तुमच्या खात्यात शिरून ॲड्रेस बदलला का? अनोळखी लॉगिन, ॲड्रेस बदलल्याचा न वाचलेला ई-मेल, बंद झालेली द्विस्तरीय पडताळणी या खुणा शोधाव्यात. तसे असेल, तर पासवर्ड बदलावा, आधी ई-मेलचा आणि मग कॅसिनोचा.

### आयडी खोटा आहे किंवा दुसऱ्याच व्यवहाराचा आहे

आयडी कुठल्याच नेटवर्कवर सापडत नसेल, किंवा सापडला पण त्याची रक्कम आणि वेळ तुमच्या विनंतीशी जुळत नसेल, तर कॅसिनोने रक्कम पाठवली याचा पुरावा नाही. ‘आयडी क्रमांक अमुक, त्यातील रक्कम अमुक, माझी विनंती तमुक’ असे एका ओळीत मांडून योग्य आयडी मागावा.

## टप्पा ५ : एकच तक्रार, लेखी, एकाच धाग्यात

तक्रार ई-मेलने किंवा तक्रारीच्या अधिकृत अर्जातून करावी. लाइव्ह चॅटचा उपयोग फक्त तिकीट क्रमांक मिळवण्यापुरता. भाषा इंग्रजी ठेवावी लागेल, पण मुद्दे आधी मराठीत नीट लिहून मग भाषांतर करणे अधिक सुरक्षित, कारण घाईत लिहिलेल्या इंग्रजीत ‘मी चुकीचा ॲड्रेस दिला’ आणि ‘चुकीच्या ॲड्रेसवर रक्कम पाठवली गेली’ यांतला फरक पुसला जातो. मजकूर साधारण असा असावा :

*विषय : विथड्रॉवल क्रमांक अमुक; दिलेल्या ॲड्रेसवर रक्कम न पाठवल्याबद्दल औपचारिक तक्रार.*

*मी अमुक तारखेस, जागतिक वेळेनुसार अमुक वाजता, इतक्या यूएसडीटीच्या विथड्रॉवलची विनंती ट्रॉन नेटवर्कवर पुढील ॲड्रेससाठी केली : (पूर्ण ॲड्रेस). तुम्ही दिलेल्या ट्रान्झॅक्शन आयडीनुसार रक्कम पुढील ॲड्रेसवर गेली : (पूर्ण ॲड्रेस). हा ॲड्रेस मी दिलेला नाही. विनंतीचे पान आणि व्यवहाराची नोंद सोबत जोडली आहे. कृपया (१) माझ्या विनंतीच्या वेळी तुमच्या प्रणालीत नोंदलेला ॲड्रेस, (२) त्यात बदल झाला असल्यास त्याची वेळ आणि आयपी नोंद, (३) रक्कम मूळ ॲड्रेसवर पुन्हा पाठवण्याची तारीख, हे लेखी कळवावे. ही तुमच्या अटींतील तक्रार प्रक्रियेनुसार केलेली तक्रार समजावी.*

शेवटचे वाक्य गाळू नये. नियामकाने किंवा अटींनी ठरवलेली मुदत त्या दिवसापासून मोजली जाते, आणि ‘आम्हाला औपचारिक तक्रार मिळालीच नाही’ ही पळवाट बंद होते.

नेहमीच्या चुका : रोज नवे तिकीट उघडणे, त्यामुळे प्रत्येक वेळी रांग नव्याने सुरू होते. शिव्या किंवा धमक्या देणे. उत्तराची वाट पाहताना त्याच खात्यात खेळत राहणे. शिलक बदलत राहते आणि हिशेब गढूळ होतो. केवायसीची कागदपत्रे चॅटवर टाकणे. ती फक्त खात्यातील अधिकृत अपलोडच्या जागी द्यावीत. सीड फ्रेज किंवा खासगी चावी कोणालाही, कॅसिनोलाही, देऊ नये; ॲड्रेस तुमचा आहे हे सिद्ध करायला वॉलेटमधून संदेशावर डिजिटल स्वाक्षरी करता येते किंवा ठरवलेली लहानशी रक्कम पाठवून दाखवता येते.

## टप्पा ६ : परवाना शोधा आणि वरच्या पायरीवर जा

कॅसिनोच्या पानाच्या तळाशी कंपनीचे नाव, परवाना क्रमांक आणि नियामकाचे चिन्ह असते. चिन्हाचे चित्र कोणीही चिकटवू शकतो. म्हणून त्यावर क्लिक करून थांबू नये. नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे जाऊन कंपनीचे नाव आणि तेच डोमेन नोंदवहीत आहे का ते पाहावे.

माल्टा गेमिंग ऑथॉरिटीचा परवाना असेल, तर कंपनीने तक्रारीचा निकाल दहा दिवसांत कळवायचा असतो. ही मुदत आणखी दहा दिवसांनी वाढू शकते. त्यानंतर कंपनीने नेमलेल्या पर्यायी तंटा निवारण संस्थेकडे जाता येते. कंपनी युरोपीय संघात नोंदलेली असल्याने तिथला माहिती संरक्षणाचा कायदाही हाताशी असतो : त्यातील कलम १५ नुसार स्वतःविषयीची साठवलेली माहिती मागता येते आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत एक महिना आहे. विथड्रॉवलच्या विनंतीत नोंदलेला ॲड्रेस आणि त्यातील बदलांच्या नोंदी याच अर्जाने मागाव्यात. माझ्या मते लांबलचक तक्रारपत्रापेक्षा हा एक अर्ज अधिक काम करतो.

क्रिप्टो घेणारे बहुसंख्य कॅसिनो कुरासाव या कॅरिबियन बेटाचा परवाना दाखवतात. तिथे २४ डिसेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आणि एका मुख्य परवान्याखाली अनेकांना उपपरवाने देण्याची जुनी पद्धत संपली. आता कुरासाव गेमिंग ऑथॉरिटी थेट परवाना देते आणि परवानाधारकाने तक्रार प्रक्रिया व स्वतंत्र तंटा निवारण ठेवणे अपेक्षित आहे. तळाशी अजून जुना उपपरवाना क्रमांकच दिसत असेल, तर त्यावर विसंबू नये.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी क्रम असा : परवानाधारक कंपनीला आठ आठवड्यांची मुदत, त्यानंतर आयबास किंवा ईकोग्रासारख्या तंटा निवारण संस्थेकडे अर्ज. तिथले गॅम्बलिंग कमिशन वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे पहिला अर्ज तिकडे करून महिने घालवू नयेत.

गोव्याच्या नावाने चालणाऱ्या संकेतस्थळांबाबत वेगळी नोंद हवी. गोव्यातील परवाने १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्याखाली जहाजांवरील आणि पंचतारांकित हॉटेलांतील कॅसिनोंना मिळतात. मांडवीतल्या जहाजाचा फोटो लावलेल्या संकेतस्थळाला त्यामुळे कोणताही ऑनलाइन परवाना मिळत नाही.

सावध : व्हीपीएन वापरून, देश लपवून खाते उघडले असेल, तर कॅसिनो पहिल्याच उत्तरात अटींच्या भंगाचा मुद्दा काढतो आणि तंटा निवारण संस्थेसमोरही तो टिकू शकतो. ती वस्तुस्थिती लपवून तक्रार करू नये. केवायसीच्या वेळी ती उघड होतेच.

## टप्पा ७ : भारतातून काय करता येते

दिवाणी दावा लावून जिंकलेली रक्कम वसूल होण्याची आशा धरू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्यवत असतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. नव्या गेमिंग कायद्यातील शिक्षा खेळ चालवणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर आणि पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्यांवर रोखलेल्या आहेत, खेळणाऱ्यावर नाहीत. तरीही महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, म्हणून पोलिसांकडे जाण्यापूर्वी वकिलाशी अर्धा तास बोलून घ्यावे.

पोलिसांकडे जाण्याचे प्रसंग तीन : खाते हॅक होऊन ॲड्रेस बदलला गेला, व्हायरसने ॲड्रेस बदलला, किंवा मुळात संकेतस्थळच बनावट निघाले. अशा वेळी १९३० या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. तक्रारीत ट्रान्झॅक्शन आयडी, दोन्ही ॲड्रेस, नेटवर्क आणि रुपयांतील मूल्य द्यावे. पैसे जुगाराच्या संकेतस्थळाशी संबंधित होते, हे लपवू नये. अर्धवट हकिगत पुढे तुमच्यावरच उलटते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, आणि टप्पा २ मधील न बदललेल्या मूळ फाइली त्या वेळी उपयोगी पडतात.

गेलेला ॲड्रेस एखाद्या एक्स्चेंजचा असल्याचे एक्सप्लोररवर दिसले, तर तेही तक्रारीत लिहावे. मार्च २०२३ पासून भारतातील क्रिप्टो सेवा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत, त्यामुळे खातेदाराची ओळख त्यांच्याकडे असते. ती ते तुम्हाला देणार नाहीत. पोलिसांच्या नोटिशीवर देतात आणि खाते गोठवू शकतात. यूएसडीटीच्या बाबतीत ते नाणे काढणारी टीथर कंपनीही एखाद्या ॲड्रेसवरील रक्कम गोठवू शकते, पण तेही सहसा तपास यंत्रणेच्या मागणीवरून. रक्कम पुढे सरकण्याआधी हे घडायला हवे, म्हणून पहिला दिवस वाया घालवू नये.

सावध : तक्रार कुठेही जाहीरपणे लिहिली, की काही तासांत ‘क्रिप्टो परत मिळवून देतो’ म्हणणारे संदेश येऊ लागतात. कोणी स्वतःला हॅकर म्हणवतो, कोणी नियामकाचा अधिकारी. पुष्टी झालेला व्यवहार उलटवण्याची ताकद त्यांच्यापैकी कोणाकडेही नसते. आगाऊ फी, सीड फ्रेज किंवा वॉलेट ‘कनेक्ट’ करण्याची लिंक यांपैकी काहीही मागितले, की संभाषण तिथेच बंद करावे आणि त्या संदेशाचा स्क्रीनशॉटही तक्रारीला जोडावा.

## टप्पा ८ : कॅसिनो रक्कम द्यायला तयार झाला, तर

होकार आल्यावर लोक घाईने तिकीट बंद करतात. आधी प्रस्ताव नीट वाचावा. रोख रकमेऐवजी ‘बोनस’ देऊ केला असेल, तर तो काढण्यापूर्वी किती पट खेळावा लागेल याची अट त्यासोबत असते. अशी भरपाई नाकारून विनंती केली होती त्याच नाण्यात रक्कम मागावी. ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड’ असे शब्द असतील, तर रक्कम पूर्ण आहे याची खात्री होईपर्यंत संमती कळवू नये.

नवा ॲड्रेस लेखी द्यावा, नेटवर्कचे नाव शब्दांत लिहावे आणि लागत असल्यास मेमो वेगळ्या ओळीत द्यावा. आधी शक्य तितकी लहान रक्कम पाठवण्याची विनंती करावी, ती आल्यावर उरलेली. दोन्ही व्यवहारांचे आयडी एक्सप्लोररवर उघडून, टोकन ट्रान्स्फरच्या ओळीतील ॲड्रेस चार-चार अक्षरांनी जुळवून, आपल्या वॉलेटमध्ये रक्कम खर्च करण्यायोग्य दिसल्यावरच तिकीट बंद करण्यास संमती द्यावी.